कुंकवावर तिसरा हात

पोलीस ॲक्शननंतर आमची उर्दू शाळा मराठी झाली. मला काय फरक पडला नाय, मी दोन्हीकडं गेलोच नव्हतो. मोठा झालो तसा भिंतींना रंग देत अन् तोंड चालवत फिरलो. रंग बरा द्यायचो.

छावणीत एका चित्रकार साहेबांचा बंगला रंगवत व्हतो. त्यांच्या खोलीत भिंतीएवढं चित्र, लासूर स्टेशनचा बाजार. बैलं, गाड्या, मिरच्यांचे ढीग, तीस-चाळीस माणसं. पुढं जोडप्याची जागा मोकळी व्हती. साहेब सगळ्यांनाच मियाँ म्हणायचे. मला म्हणले, "मियाँ, बायकोला घेऊन ये. तुम्ही दोघं बसा."

तीन दुपारी बसलो. ती मला भाकर देतीय अन् मी हात पुढं केलाय, असं. तिनं लग्नातलं लुगडं नेसलं, कुंकू रुपयाएवढं लावलं. जन्मात तिचा फोटू निघाला नव्हता. हात अवघडला की मी म्हणायचो, "साहेब, पटपट काढा, आज पहिल्यांदा वेळेवर भाकर मिळतीय." ती हलायची नाय, हसायची बी नाय. चित्र बिघडंल म्हणून.

मंग गल्लीभर सांगत सुटली. सोयगावला थोरल्या बहिणीला निरोप धाडला, "दिवाळीला ये, तुला मी चित्रातली दाखवते."

इकडं साहेबांचं मन फिरलं. म्हणले, गर्दी लई झाली, माणूस मोकळ्या जागेत एकटा दिसला पायजे. पण त्यांच्या बारीक ब्रशानं पांढरा रंग सपाट बसंना. मला बोलावलं. "तुझ्या भिंतीसारखं साफ कर मियाँ. ना रेघ, ना डाग."

साहेब खडूनं फुली मारायचे, मी रंग मारायचो. बैलं गेली, गाड्या गेल्या, मिरच्या गेल्या. मी चेकाळलो. "साहेब, हा पागोटेवाला माह्या सासऱ्यासारखा दिसतो, ह्याला आधी घेतो." साहेब खो-खो हसायचे. एवढा शिकलेला माणूस आपल्याला हसतो, ह्याची मला दारूवानी चटक लागली.

शेवटी आम्ही दोघंच उरलो. त्या दिवशी साहेबांचे दोस्त आलेले. साहेब म्हणले, "अजून एक जास्त होतोय. तूच बोल, कोण जाईल?"

मला काढा, असं म्हणता आलं असतं. मी म्हणलो, "बाईला काढा साहेब. बाप्याला घडीभर सुखानं बसू द्या."

सगळे हसले. एकानं पाठ थोपटली. साहेबांनी तिच्यावर फुली मारली.

पहिला हात दिला, कुंकू वर आलं. दुसरा दिला, तरी तांबूस दिसंच. तिसरा दिला.

घरी सांगितलं नाय. दिवाळीला बहीण आली. दोघी नटून छावणीत निघाल्या, मी मागून. साहेबांनी चित्रावरचं कापड ओढलं. सगळ्या पांढऱ्यात मी एकटा, हात पुढं करून.

बहीण म्हणली, "तू कुठंय गं?"

ती चित्राजवळ गेली. जिथं ती बसली व्हती तिथं बोट फिरवलं. "कुणी केलं हे?"

"तुमच्याच मालकानं," साहेब म्हणले. "क्या हाथ है!"

मी म्हणलो, "अगं, तू आत हाईस. गार लागतंय म्हणून रजई पांघरलीय." कुणी हसलं नाय.

"भाकर तरी ठिवायची," ती म्हणली.

वाटेनं बहिणीशी दिवाळीच्या फराळाचंच बोलत राहिली. पुढं माह्या कुठल्याच बोलण्याला ती हसली नाय. चार वर्सांनी ती गेली, तवा भिंतीला लावायला फोटू नव्हता. चित्र तवर प्रदर्शनात जाऊन आलं व्हतं. लोक म्हणं त्या हाताम्होरं उभं राहायचे. केवढी भूक, केवढं एकटेपण, म्हणायचे.

मी साहेबांकडं गेलो. विचारलं, वरचा पांढरा खरवडून काढता येतो का. त्यांनी नखानं जरा उकरून बघितलं.

"दुसऱ्या कुणी मारला असता तर निघाला असता, मियाँ," ते म्हणले.