चिंधीमास्तर

मास्तरांनी आयुष्यात कधी कुणाच्या पिशवीत डोकावून पाहिलं नाही. आता यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण गोंदियाच्या जुन्या कापडओळीत बाजाराच्या दिवशी निम्म्या जिल्ह्याच्या पिशव्या त्यांच्याच ताब्यात असत. एका कापड दुकानाच्या ओसरीवर त्यांचं शिलाई मशीन होतं आणि मशीनमागे भिंतीला टेकून थैल्या, बोचकी, धानाची चुंगडी रांगेनं उभी असायची. देवरी-चिचगडकडून लग्नाच्या खरेदीला आलेली माणसं एसटीतून उतरली की आधी मास्तरांकडे ओझं टाकायची आणि मग हात हलवत बाजार करायची.

मास्तर एक चिंधी घेत, कात्रीनं ती वेडीवाकडी कापत, अर्धी पिशवीला बांधत आणि अर्धी मालकाच्या हातावर ठेवत. परत आल्यावर दोन्ही तुकड्यांच्या कडा जुळल्या तरच पिशवी मिळायची. यावरून त्यांचं नाव चिंधीमास्तर पडलं. चिचगडच्या एका गड्यानं एकदा ती चिंधी पानाचं तोंड पुसून फेकून दिली. त्याची पिशवी समोर दिसत होती, तो तिला हात लावून दाखवत होता, पण मास्तर ढिम्म हलले नाहीत. "सगळ्यायले आपापल्या पिसव्या नेऊ दे. उरन ते तुयी." बिचारा संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिला. शेवटी मास्तरांनी त्याला चहा पाजला, उरलेली पिशवी दिली आणि वर बजावलं, "पुढच्या खेपेले रुमालानं तोंड पुसजो."

माझे शाळेचे सगळे गणवेश मास्तरांनीच शिवले. स्कर्ट शिवताना ते आतून चार बोटं कापड दुमडून ठेवायचे आणि दरवर्षी एक दुमड उसवून द्यायचे. पाचवीतला स्कर्ट मी आठवीपर्यंत घातला. जुन्या दुमडींच्या रेघा त्यावर इतक्या स्पष्ट दिसायच्या की मैत्रिणी त्या मोजून मला चिडवायच्या. मी मास्तरांसमोर रडले, तर म्हणाले, "पोरगी वाढून राहिली, कापड काई वाढत नाई. आत सोडून ठेवा लागते ना बाई."

पुढे मी डिप्लोमा केला आणि एका कंपनीत लागले. त्याच सुमारास जुना बाजार पाडून तिथे नवं व्यापारी संकुल उभारायची योजना आली आणि कुणाचं दुकान कुठे आहे याची पाहणी आमच्या कंपनीकडे आली. यादीत ज्याचं नाव, त्याला संकुलात गाळा. कापडओळ माझ्या वाट्याला आली. मी मोठ्या ऐटीत मास्तरांच्या मशीनवर नव्या संकुलाचा नकाशा पसरला. त्यांनी चष्मा चढवून तो बराच वेळ पाहिला.

"याच्यात ओसरी कुठी हाय?"

"ओसरी नाही मास्तर, सरळ काचेची दुकानं आहेत."

"मंग लोक बसतीन कुठी? चार बोटं बी आत सोडलं नाई तुमी," ते म्हणाले आणि पुन्हा पायडल मारू लागले.

माझ्या पाहणीच्या फॉर्मवर गाळा क्रमांक, मालक किंवा भाडेकरू आणि वीजमीटर असे रकाने होते. मास्तरांकडे यातलं काहीच नव्हतं. मी दुकानाच्या शेठजींना विचारलं, मास्तर इथे बसतात एवढं लिहून द्याल का? शेठजींनी हात जोडले. "मॅडम, मास्टर का नाम डाला तो मेरी जगह कटेगी. आप तो समझदार हो." मी समजूतदार झाले. शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. तिथे मास्तरांचं नाव एका ओळीत बसलं असतं. पण नोकरी नवी होती, वाद नको वाटला; मी तो रकाना कोराच ठेवला. आज हे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते.

त्या दुपारी जेवायला जाताना कागदांची पिशवी मी मास्तरांकडेच ठेवली. त्यांनी सवयीनं चिंधी कापली. परत आल्यावर मी सरळ पिशवीला हात घातला, तर म्हणाले, "चिंधी?" पाचवीपासून ओळखणाऱ्या माणसानं माझी चिंधी जुळवून पाहिली आणि मगच पिशवी दिली. मग हळूच विचारलं, "मायं नाव लिवलं ना बाई?"

"बघते मास्तर," मी म्हणाले. त्यांनी ते हो असं धरलं. ते तसंच धरणार, हे मला माहीत होतं.

यादी लागली तेव्हा मास्तर फलकावर बोट फिरवत उभे होते. वरून खाली, पुन्हा वरून खाली. मी मागे जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. रागावतील, निदान तोंड फिरवतील, असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला.

"कागद तं त्याच पिसवीत होते ना?"

मी मान डोलावली.

"म्हंजे दुपारभर मायाजवळच होते. पाह्यलं असतं तं तवाच समजलं असतं." मग चष्मा चढवून म्हणाले, "पन पाह्याची रीत नाई."

नंतर मी अर्ज केले, साहेबांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. मुदत संपली होती. ओसरी पडायच्या आधी मास्तर मशीन घेऊन इटियाडोहकडे लेकीच्या गावी गेले. वर्षभरातच ते वारल्याचं कळलं. मला निरोप घ्यायलाही जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर हिंमतही झाली नाही.

संकुल आता झालंय. चकचकीत आहे, थंडगार आहे. दाराशी पाटी आहे, "आपल्या सामानाची जबाबदारी आपली." परवा तिथल्या पायऱ्यांवर एक म्हातारी दोन बोचकी घेऊन गोंधळून उभी होती. मला म्हणाली, "बाई, इथी ते चिंधीवाले मास्तर बसत, कुठी गेले?"

मी म्हणाले, "ठेवा माझ्याजवळ, मी बसते."

तिनं बोचकी खाली ठेवली, पण जागची हलली नाही. हात पुढे करून उभी राहिली. मला कळायला क्षण लागला. मग मी रुमाल काढला, दातानं धरून वेडावाकडा फाडला, अर्धा बोचक्याला बांधला आणि अर्धा तिच्या हातावर ठेवला. तो कनवटीला लावून ती निर्धास्त आत गेली.

यायला तिला दोन तास लागले. बोचक्यांत काय होतं, मला ठाऊक नाही.