गराजच्या दाराने

काकांनी माझ्या नावाच्या पाटीवरचं 'डॉ.' काळ्या मार्करने खोडलं. सगळ्यांसमोर. इकडे परदेशात, नेपरव्हिलच्या एका शाळेच्या कॅफेटेरियात आमच्या मराठी मंडळाचं आरोग्य शिबिर होतं. बीपीला एक टेबल, शुगरला एक, दातांना एक. मी कायरोप्रॅक्टर. मान, पाठ, कंबर तपासून मणके हाताने जागेवर आणणारी. मला टेबल मिळालं कोटांच्या रॅकशेजारी, जिथे लोक बर्फाने भरलेले बूट काढत होते.

"कन्फ्यूजन नको गं," काका म्हणाले. "लोकांना उगाच वाटेल तू डॉक्टर आहेस. मसाज लिही. सिम्पल."

काका म्हणजे हाडांचे निवृत्त सर्जन. नात्याने माझे कुणी नाहीत, सगळेच त्यांना काका म्हणतात. मंडळातलं बडं प्रस्थ. बाकीचे डॉक्टर हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

पाटीवर 'डॉ.' होतं, आणि नावाखाली 'कायरोप्रॅक्टर' असंही होतं. आमच्या राज्याचा कायदा तसंच लिहायला सांगतो. कॉलेज केलं, बोर्डाच्या परीक्षा दिल्या, तेव्हा लायसन्स मिळालं. त्यात माझी हद्द आखलेली आहे. तपासायचं, निदान करायचं, एक्स-रे काढायचा, उपचार करायचे. औषध लिहायचं नाही. ऑपरेशन करायचं नाही. हे मला मान्य आहे. दुसऱ्या राज्यात गेलं तर ही हद्द थोडी इकडेतिकडे सरकते. कुठे दुखऱ्या स्नायूत सुई टोचायला परवानगी, कुठे नाही. पण मसाजवाली मी कुठल्याच राज्यात नाही.

आणि हे काकांना पक्कं माहीत होतं. कारण त्यांची मान मीच बघत होते.

बर्फ उपसताना त्यांची मान धरली. हाडांच्या सर्जनने कायरोप्रॅक्टरकडे जायचं म्हणजे नाक कापलं जाणार, कारण हयातभर त्यांनी आम्हाला भोंदू म्हटलेलं. म्हणून फोन आला. "क्लिनिकमध्ये नको. घरी ये. गराजच्या दाराने ये, बेसमेंटमध्ये करू. रेकॉर्ड वगैरे काही नको हं, घरचंच आहे."

मी गेले. त्यांच्या घरात पहिल्यांदाच. काकू जिन्यावर बसून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालीस? मूळ गाव कुठलं?" मी सांगितलं. त्या "अच्छा" म्हणाल्या आणि गप्प झाल्या. ती शांतता मी नागपूरला शाळेत असल्यापासून ओळखते. जात कळली की ती येते. बापाने आम्हाला घेऊन देश बदलला, ती सामानाबरोबर आलीच.

तरी मी जात राहिले. दर रविवारी, गराजच्या दाराने. नोंद न ठेवता पेशंटला हात लावणं म्हणजे लायसन्सवर पाणी सोडणं, हे मला कळत होतं. पण वाटायचं, मोठा माणूस आहे, चार ठिकाणी नाव घेईल. नाव घेतलं नाही. खोडलं.

आणखी एक गोष्ट होती. मी उठले की काका लगेच बेसमेंटमधल्या बाथरूममध्ये जायचे. शॉवर सुरू व्हायचा. तोवर काकू चादर दोन बोटांनी उचलून वॉशिंग मशीनमध्ये टाकायच्या. एकदा मी बघते आहे असं पाहून म्हणाल्या, "तेल असतं ना गं. अंघोळ केल्याशिवाय वर येत नाहीत ते."

मी बरं म्हटलं आणि गाडीत जाऊन बसले.

शिबिरातून घरी आले. ती खोडलेली पाटी ओट्यावर ठेवली. 'मसाज' शब्द डोक्यात फिरत होता. मसाज, तेल, चादर, शॉवर. आणि मग मी 'तेल'वर अडले.

मी तेल वापरत नाही. कधीच वापरलेलं नाही. कोरडे हात असतात माझे. त्या माणसाच्या अंगाला माझ्याकडून एकच गोष्ट लागत होती, माझा हात. तो माझा स्पर्श धुऊन मग वर देवघराच्या मजल्यावर जात होता. मान मात्र मोकळी हवी होती. शिसारी आली मला. त्याची, त्या चादरीची, माझ्या समजूतदारपणाची. इथून पुढे मी त्याला 'अहो-जाहो' लिहिणार नाही.

रविवारी फोन आला. "मान फार धरलीये. गराज उघडं ठेवतो, वर गेस्ट आहेत."

मी पुढच्या दाराची बेल वाजवली. त्यानेच दार उघडलं. मागे सोफ्यावर शिबिरातलेच डॉक्टर, हातात चहाचे कप. कुणीतरी विचारलं, "कोण आहे?"

"अरे, ही मालीशवाली," तो हसत म्हणाला. "आमच्या हिची कंबर दाबून देते."

बायकोची कंबर. मी एक वाक्य बोलले असते तर त्याची अब्रू तिथेच गालिच्यावर सांडली असती. पण पेशंटचं गुपित बाहेर फोडायचं नाही, हाही माझ्या लायसन्सचा नियम. ज्या लायसन्सवर त्याने मार्कर फिरवला, तेच त्याला झाकत होतं. हे त्याला पुरतं ठाऊक होतं, म्हणून तो हसत होता.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मी मालीश करत नाही. मी डॉक्टर आहे, कायरोप्रॅक्टर. काकूंना त्रास असेल तर क्लिनिकला पाठवा. तपासीन, नोंद करीन, मग ठरवीन."

चहाचे कप थांबले. तो पायरीवर आला, दार मागे ओढून घेतलं, आणि आवाज खाली आणला. "आणि माझं काय? वेडेपणा करू नकोस. गराजने ये."

"तुम्हालाही तेच," मी म्हटलं. "क्लिनिक. पुढचं दार. नावासकट."

"माज आलाय तुला."

"हो," मी म्हटलं.

मंडळाच्या पुढच्या शिबिराला मी पाटी घरून करून नेणार आहे. रॅकजवळ बसणार नाही. मार्कर घेऊन कुणी आलं तर त्याचा हात धरीन. आणि तो क्लिनिकला आला तर तपासीन, कुणालाही तपासते तसं. फाइलवर त्याचं नाव असेल, खाली माझी सही, 'डॉ.' सकट. नंतर त्याने घरी जाऊन खुशाल अंघोळ करावी. पण त्या गराजच्या दाराने मी आत जाणार नाही. मरेपर्यंत नाही.