पहिल्या रांगेतले काका

परदेशातल्या एका विद्यापीठात जागतिक इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी टीए, म्हणजे प्रोफेसरांची मदतनीस होते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांत पहिल्या रांगेत एक रिटायर झालेले मराठी इंजिनिअर काका बसायचे. त्यांना परीक्षेची सक्ती नव्हती, तरी प्रत्येक नकाशा पट्टी लावून काढायचे आणि तास संपला की मला म्हणायचे, "बाई, आज पुष्कळ राजे मारलेत."

एकदा प्रोफेसरांनी अलीकडच्या एका युद्धातला फोटो दाखवला. कोसळलेल्या शाळेच्या अंगणात बॉम्बचा तुकडा पडला होता. काका उठून पडद्याजवळ गेले, बराच वेळ पाहत राहिले. मग वर्गाकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "हा शेपटीचा भाग आमच्या कंपनीचा. याचं ड्रॉइंग मी केलंय."

त्यांच्या शेजारी रोज बसणारी मुलगी फोटोतल्या त्या देशातून आलेली होती. तिने बॅग उचलली आणि मागे जाऊन बसली.

"काका, कशाला सांगितलंत?" मी नंतर विचारलं.

"रोज माझ्याशी हसून बोलायची गं ती. कुणाशी बोलतेय ते तिला कळायला नको?"

सत्र संपेपर्यंत त्यांनी एकही तास चुकवला नाही. त्यांच्या शेजारी मात्र पुन्हा कुणी बसलं नाही. मीसुद्धा नाही.