ल्यावचाचांचा नव्या वर्षाचा कोट

नर्सांना किस्से जमवावे लागत नाहीत, ते ड्यूटीबरोबर आपोआप जमतात. आम्ही दोघी-तिघी रिटायर सिस्टर चहाला बसलो की पहिला कप संपायच्या आत कुणीतरी म्हणतेच, "तो पेशंट आठवतो का गं?" मला विचाराल तर माझे निम्मे किस्से एकाच कॉटवरचे आहेत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी कतारमध्ये, दोहाच्या एका हॉस्पिटलात मेल वॉर्डला होते, नवरा जवळच मेसईदच्या कारखान्यात फिटर. त्या कॉटवर होते ल्यावचाचा. मुंबईत वाढलेले चिनी, हिंदी अस्सल मुंबईची. दोहातच अल मुंतझा भागात त्यांचं छोटं हॉटेल आणि त्याच्यावरच घर. पोटाचा कॅन्सर, आणि तोही हाताबाहेर गेलेला.

*

आमचे डॉक्टर सामी इजिप्तचे, एकदम सरळ माणूस. त्यांनी चाचांच्या धाकट्या मुलाला, टोनीला, बाजूला घेतलं. "वडिलांना खरं सांगू या. पुढे श्वास अडला तर मशीन लावायचं की नाही, तेही त्यांनाच विचारू."

टोनी पांढराफटक पडला. "डॉक्टर, आमच्यात मरणाचं नाव काढलं की ते घरात येतं. तुम्ही अल्सर म्हणा."

झालं, सगळा वॉर्ड अल्सर म्हणायला लागला. इतका, की एकदा राउंड संपल्यावर डॉक्टरांनीच मला हळूच विचारलं, "सिस्टर, नक्की अल्सर नाही ना?"

हसू नका. आमच्या मिरजेत माझ्या आत्याला शेवटपर्यंत ॲसिडिटीच होती.

*

चाची रोज थर्मास भरून सूप आणायच्या. चाचांना घोटभरही जात नव्हतं. मी म्हटलं, "चाची, जबरदस्ती मत करो."

"तो क्या भूखा जाएगा?" असं बोलल्या आणि जीभ चावली. "मतलब, घर भूखा जाएगा क्या?"

त्या पाणी आणायला गेल्या की चाचा थर्मास माझ्याकडे सरकवायचे. "पी लो सिस्टर. खाली देखेगी तो रात को सोएगी." नाही म्हणायची माझी काय टाप? त्या हिवाळ्यात माझे युनिफॉर्म घट्ट झाले.

*

मग प्रश्न आला, मशीनचं ठरवायचं कुणी? चाचांची मुलगी मेरी दिवसभर त्यांच्या उशाशी असायची. डॉक्टरांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "मी मुलगी आहे, भावाला विचारा." टोनी म्हणाला, "मी धाकटा, मोठा भाऊ हाँगकाँगला आहे." हाँगकाँगला ट्रंककॉल लागला. थोरला म्हणाला, "मी इतक्या लांबून काय सांगणार? तुम्ही बघताय. पण करायचं ते सगळं करा."

डॉक्टर डोकं धरून बसले. "ज्याला विचारायचं, तो सोडून सगळ्यांना विचारून झालं."

मेरीने डोळे पुसले. "तेच तर विचारता येत नाही," म्हणाली. फार वाईट वाटलं मला त्या पोरीचं.

*

एका दुपारी घरचं कुणी नव्हतं. मी चाचांची सलाईन बदलत होते. एकदम म्हणाले, "सिस्टर, मेरे को सब मालूम है. मेरे को मशीन नहीं मंगता. घर मंगता है."

"मग मुलांना सांगा ना, चाचा."

"कैसे बोलूँ? बच्चा लोग कितनी मेहनत से छुपाता है." आणि मला दम भरला, "तुम भी नहीं बोलना."

मला राग आला आणि रडूही आलं. घरातली सगळी माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती, आणि सगळी मायेपोटी.

*

एकदा संध्याकाळी चाची पिशवीतून निळा रेशमी कोट घेऊन आल्या. स्वतः शिवलेला. मेरीने मला दाराशी गाठून सांगितलं, की जुन्या चिनी घरांत माणसाचे शेवटचे कपडे आधीच शिवतात, त्याने आयुष्य वाढतं म्हणतात. त्या कपड्यांच्या बाह्या इतक्या लांब ठेवतात की हात झाकले जावेत. पण हे चाचांना कोण सांगणार?

"नए साल के लिए सिया," चाची म्हणाल्या.

चिनी नवं वर्ष मागच्याच महिन्यात होऊन गेलं होतं. मेरीने वॉर्डभर संत्री वाटली होती, डॉक्टरांनीही खाल्ली होती. टोनी खिडकीबाहेर बघत राहिला.

चाचांनी मला उठवून बसवायला सांगितलं आणि कोट अंगात घातला. चाचींनी बाही साध्या कोटासारखीच ठेवली होती, मनगटापर्यंत. चाचांनी हात पुढे धरला, आपली बोटं पाहिली.

"थोडा लंबा करो," म्हणाले.

चाची त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग खुर्ची जवळ ओढली आणि बाहीची दुमड उसवायला लागल्या.

"टोनी," चाचा म्हणाले, "नए साल का कोट हस्पताल में कौन पहनता है?"

तेवढ्यात डॉक्टर सामी राउंडला आले. टोनीने तोंडावरून हात फिरवला.

"डॉक्टर, पप्पांना घरी न्यायचंय. आमचं न्यू इयर आहे."

"कधी?"

"उद्या."

डॉक्टरांनी कोटाकडे पाहिलं, चाचींच्या हातातल्या बाहीकडे पाहिलं.

"मग आजच न्या," ते म्हणाले. "हॅपी न्यू इयर."