तपासणीला कंपनीची गाडी

कारखान्यांचं सांडपाणी तपासणाऱ्या एका सरकारी ऑफिसात मी बरीच वर्षं काढली. ऑफिसचं नाव सांगत नाही. पेन्शन वेळेवर येतंय. कल्याणला दुसऱ्या मजल्यावर आम्ही बसायचो आणि आमच्यावर कोणाचाही दबाव नव्हता. तसं कायद्यातच लिहिलेलं होतं. आम्ही स्वायत्त होतो.

फक्त जीपला डिझेल नव्हतं. ती इमारतीमागे उभी असायची आणि तिच्या बॉनेटवर वॉचमनचे कपडे वाळायचे. डिझेलला मुख्यालयाची मंजुरी लागायची. कारखान्यांकडून परवान्याची फी आम्हीच गोळा करायचो, ती सगळी वर जायची, आणि वरून आम्हाला दर जानेवारीत कॅलेंडरं यायची. सोबत पत्र: ‘उपलब्ध साधनांत भागवावे.’ उपलब्ध साधन एकच होतं. ज्यांची तपासणी करायची, त्या कारखानदारांची संघटना. ती बिचारी फार प्रेमाने गाडी पाठवायची.

एसी गाडी. मागच्या सीटवर थंड पाण्याच्या बाटल्या. ड्रायव्हर आदबीने विचारायचा, “मॅडम, आज कुठली कंपनी?” मी सांगितलं की तो कोणाला तरी फोन करून कंपनीचं नाव घ्यायचा आणि म्हणायचा, “निघालोय.” पुढे डोंबिवलीच्या इंडस्ट्रियल एरियात पोचायला ट्रॅफिकमुळे तासभर लागायचा, तेवढा त्या लोकांना पुरायचा. गेटवर मॅनेजर हसत उभे, आणि पाइपातून येणारं पाणी इतकं नितळ, की डोंबिवलीकरांनी महापालिकेकडे नळजोडणी का मागावी हा प्रश्न पडावा. मी सॅम्पल भरायचे, रिपोर्टात ‘मानकांनुसार’ लिहायचे. त्यात खोटं काही नव्हतं. बाटलीत जे होतं तेच मी लिहीत होते. त्या काळात मला झोपही छान लागायची.

एक दिवस कोपरकडची एक कोळीण ऑफिसात आली. साठीची असेल. खाडीवर मासे धरून बाजारात विकणारी. तिने माझ्या टेबलावर प्लास्टिकचं घमेलं ठेवलं. आत मेलेले बोईट मासे. वास असा सुटला की आमच्या साहेबांना अचानक एक मीटिंग आठवली.

“बाय, बग ही,” ती म्हणाली. “त्या रंगाच्या कंपनीचा पानी नाल्यातनं खारीत येतं. म्हावरा मरतं.”

“मावशी, ती कंपनी आम्ही गेल्याच महिन्यात तपासली. पाणी चांगलं होतं.”

“तुमची गारी येते तवा चांगलाच असतं. गारी गेली का लाल.” मग ती जरा पुढे वाकली. “तू एकदा रिक्षानं ये ना. कोनाला सांगू नको.”

इतक्या वर्षांत मी किती ट्रेनिंगं केली, दोन तर थेट दिल्लीला जाऊन. रिक्षाचं कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बाटल्यांची पेटी मांडीवर घेऊन रिक्षात बसले. मावशी कंपनीच्या मागे नाल्यावरच्या मोरीवर आधीच येऊन उभी होती. खालून जाणारं पाणी लाल नव्हतं. त्या दिवशी जांभळं होतं, वर फेस. मी सॅम्पल भरलं, सील केलं, साक्षीदार म्हणून मावशीची सही घेतली. तिने एकेक अक्षर जोडून सही केली आणि रिक्षावाल्यालाही करायला लावली. तो बिचारा तोंडाला रुमाल बांधून तासभर थांबला होता. भाडं झालं चारशे वीस.

लॅबचा रिपोर्ट आला. त्यात ‘मानकांनुसार’ काहीच नव्हतं. मी नोटिशीचा मसुदा साहेबांपुढे ठेवला.

“मॅडम, तुम्ही न सांगता गेलात?” साहेब म्हणाले.

“सांगितलं असतं तर गाडी आली असती, साहेब.”

त्यांनी मसुदा दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता. दर वर्षी डिझेल मागायचा आणि दर वर्षी कॅलेंडरं वाटायचा. शेवटी त्यांनी सही केली. कंपनी पंधरा दिवस बंद राहिली. मावशीने फोन करून सांगितलं, खाडीत खेकडे दिसायला लागलेत. त्या पंधरा दिवसांत मी ऑफिसात जरा ताठ चालत होते, हे कबूल करते. मग कंपनीने गेटला नवा रंग दिला आणि ती सुरू झाली.

त्या वर्षी ऑडिटवाले आले. त्यांचा मुख्य अतिशय सभ्य गृहस्थ, स्वतःचा चहा थर्मासमधून आणणारा. सरकारी ऑफिसाचा चहासुद्धा घ्यायचा नाही, असं त्याचं तत्त्व होतं. त्याने तीन दिवस फायली वाचल्या आणि आमच्या संपूर्ण कारभारात एक आर्थिक अनियमितता शोधून काढली. माझी रिक्षा.

“वाहन उपलब्ध असताना चारशे वीस रुपये खर्च केलेत. पूर्वमंजुरी नाही, पावती नाही.”

“कुठलं वाहन उपलब्ध होतं?”

“संघटनेचं. तुम्ही नेहमी जाता ते.”

“अहो, ज्यांना तपासायचं त्यांच्याच गाडीतून जायचं, याच्यावर आक्षेप नाही?”

तो मनापासून गोंधळला. “मॅडम, त्या गाडीवर शासनाचा एक रुपया खर्च झालेला नाही. खर्चच नाही तर आक्षेप कशावर घेणार?”

मी घरी आले, जेवले नाही. चारशे वीस रुपयांचं काही नव्हतं. पण माझ्या सगळ्या नोकरीत मी एकच सकाळ धड काम केलं होतं, आणि गुन्हा म्हणून नेमकी तीच सापडली होती. सकाळी जाऊन मी लॉगबुकं काढली. मागच्या दोन वर्षांत आम्ही संघटनेच्या गाडीतून कुठल्या कुठल्या तपासणीला गेलो, त्याची यादी हाताने लिहिली. पहिलं नाव माझंच, सगळ्यात जास्त वेळा.

ऑडिटरने चष्मा काढला. “हे लेखी दिलंत तर मला रिपोर्टात घ्यावं लागेल.”

“म्हणून तर देतेय.”

त्याने घेतलं, हे त्याचं मोठेपण. संघटनेला फार वाईट वाटलं, त्यांनी गाडी बंद केली. मुख्यालयाने आदेश काढला की यापुढे रिक्षा चालेल, मात्र आठ दिवस आधी मंजुरी घ्यावी आणि अर्जाची प्रत संबंधित कंपनीला द्यावी. माझी बदली ठाण्याच्या ऑफिसात झाली, ग्रंथालय विभागात. ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं, त्यातल्या एकाची चावी हरवलेली. यादी दिल्याचा पश्चात्ताप मात्र कधी झाला नाही.

वर्षभराने गाडीवरच्या त्या आक्षेपाची फाइल माहितीसाठी माझ्याकडे आली. मुख्यालयाचं उत्तर छोटंसं होतं: संघटनेचे वाहन बंद झाल्यापासून तपासण्याच जवळपास झालेल्या नाहीत, सबब खाजगी वाहनाच्या वापराचा प्रश्न उरत नाही. उत्तर समाधानकारक, आक्षेप निकाली. खाली वेगळ्या पेनाने एक ओळ होती, रिक्षाभाड्याची वसुली पगारातून पूर्ण झाल्याची. मी ‘पाहिले’ असं लिहिलं, तारीख घातली आणि जे कपाट उघडतं त्यात फाइल ठेवली.