शेवटाला घातलेला टाका

मला नवापुरात माणसांत आणलं ते मास्टरांनी. हे आधीच सांगून टाकते. कारण बोलता बोलता मी घाबरते, आणि घाबरले की नेमकी मुख्य गोष्ट राहून जाते.

मास्टर म्हणजे लेडीज टेलर. स्टेशनकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. एक शिलाई मशीन, एक कटिंगचं टेबल, आणि मागच्या भिंतीला फळ्यांवर विज्ञानकथांची पुस्तकं. बरीचशी रद्दीतून उचललेली, काहींना पुठ्ठाही नाही. मास्टर त्यांना अस्तराच्या उरलेल्या कापडाचं कव्हर शिवायचे. अवकाशातल्या गोष्टींना निळं, यंत्रमानवांना राखाडी. वाचायला कुणालाही द्यायचे, पण देण्याआधी शेवटची पानं शिवून टाकायचे. कच्चा टाका, ब्लाउज घालून बघायला देताना घालतात तसा. पुस्तक तिथपर्यंत वाचायचं, परत दुकानात यायचं, स्टुलावर बसायचं आणि शेवट आपल्या मनानं सांगायचा. मगच ते कात्रीच्या टोकानं दोरा उसवत. कुणी म्हटलं, "मास्टर, घाई आहे, कापून टाका ना," तर म्हणायचे, "घाई असेल तर रेडिमेड घे."

मी आठवीतून शाळा सोडलेली. माहेर चंदगडकडे, काजूच्या झाडांत. लग्न झालं आणि यांच्या मागोमाग पार या टोकाला आले. हे पोल्ट्रीच्या पिल्लांची गाडी चालवायचे. आज बडोदा, उद्या इंदूरकडे, कधी कधी आठवडाभर पत्ता नाही. मला त्याच फार्मवर काम लागलं होतं. अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं दिव्यापुढे धरायचं आणि आत जीव धरलाय का ते बघायचं. राहायला फार्मवरचीच खोली. कोंबड्यांना बाहेरून रोग येऊ नये म्हणून बाहेरच्या माणसाला आत येऊ देत नसत. नियम बरोबरच होता, पण त्यामुळे माझ्याकडे कुणी म्हणजे कुणी येत नसे. बाकीच्या बायका आपसात त्यांच्या बोलीत बोलायच्या. त्या हसल्या की मला वाटायचं, मलाच हसल्या. कधी कधी संध्याकाळी लक्षात यायचं की सकाळपासून आपल्या तोंडून एक शब्द निघालेला नाही. मग मुद्दाम खोकून बघायची, आवाज आहे ना म्हणून.

दुकानात पहिल्यांदा गेले ती ब्लाउज आत घ्यायला. सगळे ब्लाउज ढगळ झाले होते. मास्टरांनी एक हातात घेऊन शिवण उलटी करून पाहिली आणि विचारलं, "हे गावाकडे शिवलेलं ना? गाव सोडून किती झालं, बेटा?" एवढंच विचारलं. माणूस किती वाळलं ते टेलरला डॉक्टरच्या आधी कळतं. मला रडू फुटलं. दुकानात एक गिऱ्हाईक बाई बसली होती, तिला मास्टर माझ्याकडे न बघता ओरडले, "कितला डाव सांगू माय तुले, कापड लगीनना आठ दिन पहिले आन, हळदना दिवशी नको!" ती बाई त्यांच्याशी भांडायला लागली आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. मी डोळे पुसले तेव्हा टेबलावर निळ्या कव्हरचं एक पुस्तक ठेवलेलं होतं.

"मला एवढं वाचता येत नाही," मी म्हटलं. "आठवीच झालेय."

"मी चौथी. ती पण उर्दू."

मास्टरांची भाषा हा एक वेगळाच प्रकार होता. घरात उर्दू, गिऱ्हाइकाशी अहिराणी, शेठ लोकांशी गुजराती. मराठी मात्र ते पूर्ण पुस्तकांतूनच शिकलेले. त्यामुळे माझ्याशी बोलताना मध्येच 'तथापि' म्हणायचे. "बेटा, काजाचं काम बाकी आहे. तथापि चहा घे." शेजारचा पानवाला हे ऐकून त्यांना 'प्रमुख पाहुणे' म्हणायचा. मास्टरांना राग यायचा नाही. "मला पृथ्वीवरची मराठी येत नाही," म्हणायचे, "मंगळावर माझं अडणार नाही."

ते पहिलं पुस्तक मी बोट ठेवून वाचलं. शिवलेल्या पानांपर्यंत पोचले आणि मग माझी दुकानात जायची हिंमत होईना. चुकलं तर? हसले तर? शेवटी गेले आणि नुसतं पुस्तक पुढे केलं. मास्टर म्हणाले, "शेवट?" मी म्हटलं, "काय माहीत." त्यांनी पुस्तक परत माझ्या हातात दिलं. "टाका कुठं पळतो? सवडीनं ये." असं दोनदा झालं. मग एका बाजारच्या दिवशी मी मान खाली घालून सांगितलं की, तो माणूस घरी परत जातो. त्यांनी दोरा उसवला. आत काहीतरी वेगळंच होतं, पण त्यांनी चूक की बरोबर काही म्हटलं नाही. दुसरं पुस्तक दिलं.

त्यानंतर मी जेवढे शेवट सांगितले त्या सगळ्यांत माणूस घरी परत जायचा. यंत्रमानवसुद्धा. एकदा मास्टर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बेटा, एक विचारू? तुझं प्रत्येक यान चंदगडलाच का उतरतं?"

मी खूप दिवसांनी मोठ्यानं हसले. खोलीवर गेल्यावर रडले, ते निराळं.

दुकान बंद असायचं त्या दिवशी महिन्यातून एकदा तिथंच पुस्तकं वाचणाऱ्यांची बैठक व्हायची. लोणखेड्याहून कॉलेजातले एक सर यायचे, ते टाचणं काढून आणायचे. मोलगीकडून रोपवाटिकेत काम करणारा एक जण यायचा, त्याला सगळे मोलगीवालाच म्हणत. जीपला लटकत, दोन एसट्या बदलत यायचा आणि आल्या आल्या मास्टर म्हणायचे, "बठ भो, पहिले पानी पी." परग्रहावरचे लोक पृथ्वीवर उतरल्याची गोष्ट निघाली की हा गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "पण त्यांच्याकडे दाखला आहे का? तलाठ्याकडे जाऊन आले का?" सर म्हणायचे, विज्ञानकथेत तर्क पाहिजे. तो म्हणायचा, "सर, माझ्या बापाला याच जमिनीवर राहून दाखला मिळाला नाही, यांना आकाशातून येऊन कसा मिळेल? हाच तर तर्क." मी कोपऱ्यात बसून ऐकायची. माझी पाळी आली की मास्टर म्हणायचे, "ती दुकानात सांगेल," आणि पुढे जायचे. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही हे त्यांनी न सांगता ओळखलेलं.

वर्षातून एकदा आम्हा वाचणाऱ्यांचा मेळावा. नाव मोठं, माणसं दहा-बारा. हायवेकडच्या एका हॉलमध्ये खुर्च्या मांडायच्या आणि निम्म्या तशाच उचलून ठेवायच्या. एका वर्षी मास्टरांनी ठरवलं की लोक यायला पाहिजेत, तर आपण अंतराळवीराच्या पोशाखात गावातून चालत जायचं. पांढऱ्या टेरिकॉटचे पाच पोशाख शिवले, पायापासून डोक्यापर्यंत एकसंध, आणि तोंडापुढे साडीच्या पिशवीचं पारदर्शक प्लास्टिक.

मी म्हटलं, "मास्टर, पांढरा नको."

"अंतराळवीर काय फुलाफुलाच्या कापडात जातो?"

 पण नवापुरात पांढऱ्या पोशाखाचा अर्थ एकच आहे. कोंबड्यांना साथ लागली की असेच पोशाख घातलेली सरकारी पथकातली माणसं येतात, आणि ती गेल्यावर शेडमध्ये एकही कोंबडी उरत नाही. मास्टरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्याच डोळ्यांदेखत झालेलं. पण मेळावा जवळ आला की त्यांना मंगळाच्या अलीकडचं काही दिसायचंच नाही.

मास्टर, सर, मोलगीवाला, मी आणि बैठकीतला आणखी एक असे आम्ही पाच जण ओळीनं निघालो. पहिल्या वळणावर अंड्यांचे ट्रे लादलेला एक टेंपो समोरून आला, करकचून थांबला आणि तसाच मागे मागे गेला. पानवाला धावत सांगत सुटला, "पथक आलं!" कुणी फोन लावतंय, कुणी शटर ओढतंय. हायवेपर्यंत पोचलो तोवर मागे हीऽ गर्दी. आणि समोरून मोटरसायकलवर आमच्या फार्मचे शेठ, पायात एकच चप्पल.

"किसके फार्म पे निकला? बोलो! किसके फार्म पे?"

प्लास्टिकच्या आत माझा श्वास कोंडला. मला दुसरं काही दिसेना, फक्त खोली दिसायला लागली. नोकरी गेली की खोली जाणार. हे इंदूरच्या रस्त्याला. मी ट्रंक घेऊन कुठं जाऊन बसू?

मास्टरांनी टोप मागे ढकलला. घामानं निथळत होते. म्हणाले, "शेठ, आम्ही कोंबड्यांसाठी नाही आलो. आम्ही मंगळावर चाललोय."

 मग मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि हसू गर्दीभर पसरलं. शेठ मात्र हसले नाहीत. "मास्टर, ये क्या तमाशा है! मेरा बीपी चढ गया!" आणि त्यांची नजर माझ्यावर आली. "ये तो हमारी लडकी है ना?"

"कसूर माझा," मास्टर पटकन मध्ये आले. "कापड माझं, शिलाई माझी. ही पोरगी बिचारी सांगत होती, पांढरा नको. मी ऐकलं नाही. तुम्ही हॉलमध्ये येऊन बसा, पाणी प्या. मग काय बोलायचं ते मला बोला."

शेठ आले. आम्ही नक्की काय करतो ते बघायलाच आले असावेत. त्यांच्या मागोमाग सगळी गर्दी आली. पोल्ट्रीवरच्या बायका, टेंपोवाला, पानवाला. मेळाव्यात पहिल्यांदाच खुर्च्या पुरल्या नाहीत. सर भांबावले, त्यांची टाचणं सापडेनात. मोलगीवाला म्हणाला, "आता मी दाखल्याचं काढलं तर मारतील." मास्टरांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी म्हणाले नाहीत, की ती दुकानात सांगेल.

माझ्या हातात त्या महिन्याचं पुस्तक होतं. परक्या ग्रहावर एकटीच राहून दिवा सांभाळणारी एक बाई. येणाऱ्या जहाजांना वाट दिसावी म्हणून तो दिवा. खूप वर्षांनी एक जहाज उतरतं आणि त्यात पृथ्वीवर परतायला एक जागा रिकामी असते. तिथं टाका घातलेला.

मी उभी राहिले.  गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "ती जात नाही." मला स्वतःलाच हे नवीन होतं. "म्हणजे तिला जायचंय. रोज जायचंय. पण जागा रिकामी आहे म्हणजे कुणीतरी उतरलं असणार. नवीन. त्या माणसाला तिथलं काहीच माहीत नाही. पहिल्या दिवशी त्याला कुणीतरी, पाणी पी, म्हणायला पाहिजे. म्हणून ती तेवढ्यापुरती थांबते."

 मग आमच्या फार्मवरची एक बाई मागून म्हणाली, "आन तिले जेवाले कोन देस तठे?" सगळे हसले. ती बाई मला हसली नव्हती. तिला खरंच काळजी पडली होती.

मास्टरांनी कात्री काढली, दोरा उसवला आणि शेवट वाचून दाखवला. पुस्तकातली बाई जहाजात बसून घरी निघून जाते. लोकांत चुळबुळ झाली. टेंपोवाला म्हणाला, "हे काय? एवढ्यासाठी शिवून ठेवलं होतं?" आणि पहिल्या रांगेतून शेठ म्हणाले, "मास्टर, वो वापस सिल दो. इसका वाला अच्छा था."

माझी नोकरी राहिली. जेवायचं विचारणारी ती बाई दुसऱ्या दिवसापासून डबा माझ्याशेजारी बसून खाऊ लागली.

गोष्ट इथंच संपली असती तर बरं झालं असतं. पण मास्टरांना सुई ओवता येईना. आधी म्हणाले, दोरा खराब आहे. मग म्हणाले, बल्ब बदलायला पाहिजे. मी कामावरून सुटले की जाऊन त्यांना दिवसभराच्या सुया ओवून द्यायची, ओळीनं टाचणीच्या उशीला टोचून ठेवायची. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येत नाही, उरलेलंही हळूहळू जाणार. सुरतेहून मुलगा न्यायला आला.

नवापूर स्टेशनावर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. मास्टर गुजरातेच्या बाजूला बसले, मी अलीकडे. मुलगा तिकिटाच्या रांगेत होता. पुस्तकं लोणखेड्याच्या सरांकडे गेली होती, मशीन विकलं होतं. मास्टरांनी पिशवीतून एक पुस्तक काढून दिलं. निळं कव्हर. शेवटची पानं शिवलेली, पण हा कच्चा टाका नव्हता. मशीनची पक्की शिवण होती, जराशी वाकडी.

"हे मी वाचलेलं नाही," ते म्हणाले. "आणलं तेव्हा अक्षरं दिसेनाशी झाली होती. शेवटचं प्रकरण कुठं लागतं ते पोराला विचारून शिवलं. म्हणजे या वेळी मलाही माहीत नाही."

"मग मी शेवट कुणाला सांगू?"

"मलाच. कापू नकोस, बेटा. तथापि," आणि थांबले. पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. गाडी आली.

आता तिथं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. बैठक दोनदा झाली, मग सरांची बदली झाली. मोलगीवाल्याचा कधी कधी फोन येतो, पण मोलगीत रेंज असेल तेव्हाच. हे अजून गाडीवरच. माझी संध्याकाळ पुन्हा पहिल्यासारखी शांत झालीय, फक्त आता मी खोकून बघत नाही. मोठ्यानं वाचते. काल अडले तिथं आज अडत नाही.

मास्टर, तुमचं पुस्तक शिवणीपर्यंत वाचून झालंय. शेवट अजून ठरत नाही, माझं यान अजूनही मध्येच चंदगडकडे वळतं. पण एक दिवस मी सुरतेला येणार. तुमच्यासमोर बसून आधी माझा शेवट सांगणार, मग तुमच्याच कात्रीनं ती शिवण उसवणार. आणि आतली पानं तुम्हाला दिसणार नाहीत ना, ती मी वाचून दाखवीन. बोट न ठेवता, एका दमात.