साहेबांच्या डोळ्यातली बर्बन

जळक्या साखरेचा वास आला की आठवतं, साहेबांच्या बर्बनचा पहिला थेंब मी त्यांच्याच डोळ्यात घातला होता. वाळूजच्या कंपनीतलं माझं कंत्राट आठवड्यात संपणार होतं. ते वाढवा म्हणून हात जोडायला साहेबांच्या घरी गेलो, तर त्यांनी बर्बनची, म्हणजे अमेरिकी व्हिस्कीची, बाटली उघडून भरलेला पेला पुढं केला. “लई कडक आहे. चाखून सांगा, एवढ्या पैशाची आहे का?” पिण्याआधी बोट बुडवून थेंब उडवायची आमची सवय, तो नेमका त्यांना लागला. त्यांनी डोळ्याला रुमाल लावला, तसा घाबरून मी पेला एका दमात संपवला. आधी साखर, मग लाकूड, मग नुसती आग. “पैसे वसूल, साहेब,” एवढंच निघालं. कंत्राटाचं बोलायला आवाजच उरला नाही. घरी बायको म्हणाली, “उद्या मीच जाते बोलायला. तुम्ही घरी बसा, तशीही सवय करावीच लागंल.”